प्रतिपिंडाचं सुतक

हेमांगी सातपुते काम करायची त्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमधल्या प्रतिपिंडाने सोमवारी सुतकाची रजा मागितली. त्या रात्री हेमांगीचा डोळ्याला डोळा लागला नाही, पण त्याचं कारण हा अर्ज नव्हता. तिची आई जाऊन अकरा दिवस झाले होते आणि साडेचार वर्षांच्या पर्णाला तिने ते अजून सांगितलं नव्हतं. "आजी गावाला गेलीय," एवढंच सांगितलं होतं. आजी मुळात राहायचीच गावाला, माजलगावला. त्यामुळे ही थाप पहिल्याच प्रश्नाला आडवी झाली. मग "दुसऱ्या गावाला" अशी दुरुस्ती करावी लागली. पीएचडी झालेल्या बाईला याहून बरी थाप सुचू नये, याचं हेमांगीला वाईट वाटत होतं; आणि आई गेलेली असताना आपल्याला थापेच्या दर्जाचं वाईट वाटतंय, याचं त्याहून जास्त.

अर्ज रीतसर होता. कुपीच्या लेबलावर उरलेल्या कोऱ्या जागेत, बारीक पण सुवाच्य अक्षरात लिहिलेला. या प्रतिपिंडाचं, म्हणजे अँटिबॉडीचं, काम असं की, काही पेशींच्या अंगावर मरणाचा निरोप स्वीकारणारी एक जागा असते, दारावरच्या घंटेसारखी. ती शोधायची आणि तिला जाऊन चिकटायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली तेवढी जागा हिरवी दिसते. पाच वर्षं त्याने हे काम केलं होतं आणि एकदाही रजा घेतली नव्हती. सशाच्या एका मादीच्या रक्तातून ते काढलेलं होतं. ती मादी आता वारली, तेव्हा हा माल पुन्हा मिळणार नाही, असं कंपनीचं पत्र आलं होतं. ते पत्र फ्रिजच्या दाराला आतल्या बाजूने हेमांगीनेच चिकटवलं होतं. दार उघडं असताना प्रतिपिंडाने ते वाचलं.

आस्थापना विभागाचे गायधनी भाऊसाहेब चौकशीला स्वतः वर आले. बर्फाच्या डबीत ठेवलेल्या कुपीसमोर त्यांनी खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"मयत कोण लागत होती?"

"आई," प्रतिपिंड म्हणालं. आवाज बेताचा होता, थंडीतून उठून आल्यासारखा.

"अर्ज एक दिसतोय. अर्जदार किती?"

"मोजलेले नाहीत. आम्ही सगळी एकाच आईची, एवढं नक्की."

"बरं. मुलगे की मुली?"

"ते आजवर कोणी विचारलं नव्हतं."

"विचारावं लागतं. मुलगा असेल तर दहा दिवस. दुसऱ्या घरी दिलेली मुलगी असेल तर तीन." गायधनींनी चष्मा कपाळावर सरकवला. "घर कधी सोडलंत?"

"पाच वर्षांपूर्वी. थर्माकोलच्या खोक्यातून."

"मध्ये कधी जाणं-येणं?"

"नाही. परत घेत नाहीत."

"मग मुलीच. तीन दिवस," असं म्हणून गायधनींनी तसं लिहिलं आणि हेमांगीकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्हालाही तीनच दिवस दिले होते. नियम सगळ्यांना सारखा."

हेमांगी "हो" म्हणाली. माजलगावच्या घरी तिचा भाऊ दहा दिवस बसून होता. तिने तिसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली आणि पुण्याची एसटी पकडली. वाटेत नगरच्या अलीकडे तिने एका विद्यार्थ्याचा तक्ता तपासून दिला होता, आणि त्यात एकही चूक राहिली नव्हती, हे तिला अजून कोणाला सांगता आलेलं नव्हतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. बोरवणकर यांना रजा मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा ते वैतागले. "शुक्रवारी अहवाल द्यायचाय. तीन दिवस या पेशी मरत राहणार, त्याचं काय?"

"मरतील सर," हेमांगी म्हणाली, "फक्त दिसणार नाहीत."

कुपी फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात वेगळी ठेवण्यात आली. ते काम कौसल्यामावशींनी केलं. त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या आणि अशा बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असे. बाकीच्या कुप्यांनाही सुतक लागतं का, असं कोणीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "एका फ्रिजात राहतात म्हणून काय झालं? भाऊबंद थोडेच आहेत ते."

बुधवारी, म्हणजे रजेच्या दुसऱ्या दिवशी, हेमांगीने करू नये ते केलं. मावशी जेवायला गेल्यावर तिने कुपी काढली, त्यातला थेंब घेतला आणि पेशींवर सोडला. तासभर थांबली, पेशी धुतल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सगळं काळं. प्रतिपिंडाने एकाही पेशीला हात लावला नव्हता. धुतल्याबरोबर ते पाण्यासोबत निघून गेलं होतं.

"ताई, सुतकात आम्ही कोणाला शिवत नाही," कुपीत उरलेलं प्रतिपिंड म्हणालं. "तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

"माहीत होतं. घाई होती."

"तुम्ही चौथ्या दिवशी कामावर आलात, तेव्हाही घाई होती."

हेमांगीने कुपीचं झाकण लावायला घेतलं.

"लेकीला सांगितलंत?"

तिचा हात थांबला. "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"मिस्टरांशी फोनवर बोलताना तुम्ही फ्रिजचं दार उघडं ठेवता. आत चार अंशांचे सात होतात."

हेमांगी स्टुलावर बसली. ही गोष्ट तिने आपल्या बहिणीलाही सांगितली नव्हती. पण कुपीपासून लपवण्यात आता अर्थ नव्हता. "लहान आहे हो ती. माझ्या सांगण्याने तिला काही झालं तर? काही प्रतिपिंडं त्या घंटेला नुसती चिकटली तरी घंटा वाजते. पेशी मरते. मी स्वतः पाहिलंय."

"ती वेगळी. आम्ही त्यातली नाही. माहितीपत्रकात लिहिलंय, फक्त ओळखण्यासाठी. आम्ही जाऊन धरून राहतो."

"आणि मग?"

"मग काही नाही. तुम्ही धुता. आम्ही सुटत नाही."

हेमांगीने कुपी खालच्या कप्प्यात ठेवली आणि दार नीट लावलं. वाया गेलेल्या थेंबाची नोंद तिने वहीत स्वतःच्या नावावर केली.

शुक्रवारी साडेनऊला प्रतिपिंड कामावर रुजू झालं. गायधनींनी "हजर" असा शेरा मारला. दुपारपर्यंत पडद्यावर हिरवे ठिपके दिसू लागले, इतके, की बोरवणकर सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी चहा मागवला.

"उत्तम," ते म्हणाले. "किती उरलंय?"

"दोन प्रयोगांपुरतं, सर."

"मग?"

"मग नाही," हेमांगी म्हणाली. कुपीकडून काही हरकत आली नाही.

संध्याकाळी ती पर्णाला आणायला पाळणाघरात गेली. मुलं अशा वेळी काय काय विचारतात, यावर तिने तीन लेख वाचले होते. आजी कुठे गेली, परत कधी येणार, तूपण मरणार का. तिन्ही उत्तरं तिने तोंडी परीक्षेसारखी घोकून ठेवली होती आणि तिसऱ्यात आपण अडखळणार, हेही तिला ठाऊक होतं.

पर्णा बाहेरच्या पायरीवर बसून एका पायात चप्पल अडकवत होती. आईला बघून तिने रोजचा प्रश्न विचारला, "आजी आली का दुसऱ्या गावाहून?"

हेमांगी तिच्याशेजारी बसली. तिने पर्णाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "पर्णा, आजी कुठल्याच गावाला गेलेली नाही. आजी वारली. म्हणजे मेली. ती आता येणार नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं."

आत कोणीतरी चमच्याने डबा वाजवत होतं. पर्णाने दुसरी चप्पल तशीच राहू दिली.

"आजी म्हणजे तुझी आई ना?"

"हो."

हेमांगी पहिल्या प्रश्नाची वाट बघत राहिली. तिचं उत्तर तयार होतं.

पर्णाने तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग आता तू कोणाची मुलगी?"