टेपची बिनकष्टाची बाग

“मावशी, अशी बाग करून देते ना, की वर्षभर कुणाला तिला बोटसुद्धा लावायला नको!”

असं टेप म्हणाली. टेप म्हणजे आपली तीच हो, जिच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण मोजायची टेप असणारच! बागा आखायचं शिक्षण नुकतंच संपलेलं, पहिलंच काम, आणि तेही सख्ख्या मावशीच्या दिव्यांग आधार केंद्राचं. मावशी स्वतः व्हीलचेअरवर. केंद्रात येणारे कुणी चाकांवर, कुणी काठीवर, तर कुणी नुसतेच घरात कंटाळलेले. मागचं अंगण वर्षानुवर्षं पडीक, आणि आता नगरपालिकेचं पत्र आलेलं: महिन्याभरात जागा वापरात दिसली नाही, तर तिथे पार्किंग!

“पण आखताना आम्हाला विचारशील ना?” मावशीने विचारलं.

“अगं, सरप्राइज आहे! उद्घाटनापर्यंत आत कुणाचं पाऊल नको. चाकसुद्धा नको!”

आणि इथेच माशी शिंकली. चाकांना बंदी, मग माप कशावर घेणार? टेपने डोकं चालवलं. ऑफिसातली गोल फिरणारी खुर्ची उचलून आणली, वर बसली, पायाने एक धक्का दिला, खुर्ची गर्रकन फिरली. “बास! एवढी जागा पुरते!” चाकं हिलाही, चाकं व्हीलचेअरलाही, झालं की!

महिनाभर ती राबली. फाटक, वाट, शेवटचा बाक, सगळं तिचं. गवत नको, कापावं लागतं. फुलझाडं नकोत, पाणी मागतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना अशी काटेरी झाडं लावली, की ती बघूनच डास परत जावेत!

उद्घाटनाचा दिवस उजाडला. नगरपालिकेचे साहेब अकराला येणार होते. टेप फाटक धरून उभी राहिली आणि साडेदहालाच “चला, चला!” करत सगळ्यांना आत सोडलं. पुढे मावशी, तिच्यामागे चार व्हीलचेअर, मग सहावे ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवली त्यांनी, आता स्वतःची खुर्ची त्याच रुबाबात चालवतात. सगळ्यांत शेवटी मास्तर. मास्तरांना दिसत नाही, पण काठी टेकवून जिन्याच्या पायऱ्यांचा हिशेब ठेवतील असा माणूस.

मावशी बाकापाशी पोचली. वळायला गेली. पाय ठेवायची पट्टी ठक्कन बाकाला! डावीकडे वळली, काटे. उजवीकडे वळली, काटे!

“अगं टेप, वळायचं कसं?”

“गर्रकन!” टेप फाटकातून ओरडली.

“मी काय भोवरा आहे का?”

मागच्यांना काय माहीत? ते आपले येतच राहिले. ठक, ठक, ठक! बघता बघता सहा खुर्च्या डबे जोडल्यासारख्या एकामागे एक चिकटल्या. टेप धावली, पण शिरणार कुठून? पहिल्याच झाडाने तिची ओढणी धरली ती सोडेचना!

“रिव्हर्स घ्यावा लागेल,” मावशी म्हणाली. “काका, आधी तुम्ही!”

“कंडक्टर कुठाय?”

“काय?”

“कंडक्टर मागे उभा राहून थाप मारल्याशिवाय मी गाडी मागे घेत नाही. तीस वर्षांत घेतली नाही, आज काट्यात घेऊ?”

“काका, साहेब येतायत हो!” टेप रडकुंडीला आली. “अंगण जाईल!”

“जाऊ दे. माझं रेकॉर्ड नाही जाणार!”

तेवढ्यात मागून मास्तर खाकरले. “मी होतो आज कंडक्टर.”

“मास्तर, तुम्ही?” चौथ्या खुर्चीवरून कुणीतरी हसलं.

“का? तुम्ही सगळे मागचं दिसत नाही म्हणून रडताय. मला पुढचं-मागचं सारखंच! येताना मोजलीय मी वाट. दोन थापा म्हणजे या, एक म्हणजे थांबा.”

आणि मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवर काठीने थापा दिल्या. टक-टक! काका सरकले. टक! थांबले. “थोडी डावीकडे घ्या... येऊ द्या, येऊ द्या...” एकेक करत अख्खी वरात उलटी बाहेर निघाली!

आणि फाटकात उभे साहेब. हातात वही, तोंड उघडं!

“हा... व्यायाम आहे का?”

टेपच्या जिभेवर “हो” आलंच होतं! पण मावशीने नुसतं बघितलं. ते बघणं तुम्हाला माहितीये.

“नाही साहेब,” टेप पुटपुटली. “माझं माप चुकलं. मी ऑफिसच्या खुर्चीवर मोजलं.”

“बघू बरं,” म्हणत साहेब वाटेत शिरले, चार पावलं गेले, आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांनी पॅन्ट पकडली!

“हलू नका!” मास्तर ओरडले. “थाप दिल्याशिवाय हलायचं नाही!”

फाटकावर काठी, टक-टक. साहेब मागे आले. टक. थांबले. बाहेर आल्यावर बराच वेळ वहीत लिहीत राहिले, टेपचा जीव टांगणीला!

“नियम एवढाच, की जागा वापरात हवी. एका वेळी इतकी माणसं एवढं बोलताना मी एकाही बागेत पाहिली नाहीत. अंगण तुमचंच राहील.”

टेपने उडीच मारली. “आणि माझं डिझाइन?”

“डिझाइन उपटायचं,” मावशी म्हणाली. “आणि आम्हाला रोज पाणी घालावं लागेल अशी झाडं लाव. बोट लावायला नको म्हणे! आम्ही काय नुसतं बघायला येतो इथे? उद्यापासून माझ्या जुन्या खुर्चीत बस आणि बसूनच माप घे.”

दुसऱ्या दिवशी टेप बिचारी व्हीलचेअरवर बसून निघाली. फाटक बंद होतं. हात उंचावला, कडी लांब. अजून ताणला, तरी वीतभर वरच!

“ही कडी एवढी उंच कुठल्या शहाण्याने लावली हो?”

मागे जमलेल्या सगळ्यांनी बोटं दाखवली, तिच्याकडेच!