परतीचं पेट्रोल

हिवरफाट्यापासून तांबेखडी किती लांब आहे, हे माणसाजवळ पेट्रोल किती आहे त्यावर ठरतं. ज्याच्याजवळ थेंबही नाही, त्याला ते गाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीमागे लागतं. ज्याच्याजवळ पेट्रोल आहे, त्याची वाट पेट्रोल संपल्यावरच संपते. मधला माळ त्या बेताने ताणला जातो आणि लागतील तेवढे ओढे, खडक आणि घसरणीचे चढ तिथे हजर होतात. रस्ते खात्याची याला हरकत नाही. दुरुस्तीचं अंदाजपत्रक तेवढं दरवर्षी चुकतं.

जनार्दन टोणपेला हे सगळं लहानपणापासून ठाऊक होतं. त्याची थोरली बहीण अक्का तांबेखडीतच दिलेली. दर भाऊबिजेला तो सांगलीहून मोटरसायकल काढायचा आणि तिच्याकडे निघायचा. पण ठाऊक असणं वेगळं आणि रिकाम्या टाकीने निघणं वेगळं. जनार्दन जपून वागणारा माणूस. माळावर एकट्याने गाडी घालायची तर जादा पेट्रोल बरोबर हवंच, आणि अर्धं संपलं की असू तिथून मागे फिरायचं, असा त्याचा नियम होता. नियमात खोट काढावी असं काहीच नव्हतं. त्या वाटेवर मात्र अर्धं पेट्रोल नेमकं अर्ध्या वाटेवर संपायचं. जनार्दन मागे फिरायचा आणि पुढच्या वर्षी एक कॅन वाढवायचा. गेल्या भाऊबिजेला तो तांबेखडीपासून जितका लांब राहिला, तितका आधी कधीच राहिला नव्हता.

अक्का दरवर्षी फराळाचा डबा घेऊन चार पावलं चालत फाट्यावरच्या नाक्यावर यायची, वाट बघायची आणि दिवेलागणीपर्यंत तो माळावरून परतला नाही की घरी जाऊन चंद्राला ओवाळायची. डबा नाकेदाराच्या घरी जायचा. नाकेदाराच्या मुलांना जनार्दनमामा न बघताच आवडायचा.

यंदा दिवाळीच्या आधी तिचा फोन आला.

"जनू, डोळं चाललं माजं," ती म्हणाली. "डागदर म्हन्तोय, दिवाळीपतोर दिसंल. म्होरचं काय खरं न्हाई. एकडाव तुजं त्वांड बगू दे."

"मग नाक्यावरच भेटू की अक्का. तू चार पावलं ये, मी तिथे थांबतो."

"नाक्यावर? नाक्यावर ट्रका अडिवत्यात. भावाला ओवाळायचं ते उंबऱ्याच्या आत. यायचं तर घरला ये."

जनार्दनने फोन ठेवला. त्याला अपराधी वाटलं आणि भीतीही वाटली. भाऊबिजेला सकाळी त्याने टाकी भरली आणि मागे होते तेवढे कॅन आवळून बांधले.

नाक्यावरच्या पटवेकर नाकेदाराकडे खुणा केलेली एक लाकडी पट्टी होती. त्याने ती टाकीत बुडवली, पुसली, कॅन उचलून पाहिले.

"उद्या दुपार," तो म्हणाला.

"उद्या कसं चालेल? ओवाळणं आज संध्याकाळी आहे."

"मग कमी आणायचं होतंत."

"गाडी इथे लावून चालत गेलो तर?"

"तर पोचणारच नाही तुम्ही. इथे ठेवलेलं पेट्रोल म्हणजे परतीचं पेट्रोल. तेही धरतात."

"कोण धरतं?"

"धरतात," पटवेकर म्हणाला. "ओतूनही देता येणार नाही. माळावर पेट्रोल ओतायला बंदी आहे. कुणाला देऊन टाका हवं तर."

घेणारे शोधावे लागले नाहीत. टपरीपाशी पुण्याहून आलेल्या मोटरसायकलवाल्यांचा जथा वडे खात होता. ही मंडळी हिवरफाट्याला येतात तीच मुळी लांबच लांब कच्ची वाट मिळते म्हणून. गावाला जायचं त्यांच्यातल्या कुणाच्याच मनात नसतं. त्यांची म्होरकी केतकी नावाची मुलगी होती. जनार्दनने तिला कॅन देऊ केले.

"काका, खरंच? सगळे?" ती म्हणाली. "तुम्हाला लागलं तर?"

हा प्रश्न जनार्दनला इतका पटला की त्याने एक कॅन परत हातात घेतला. मग त्याला अक्काचे डोळे आठवले आणि त्याने तो खाली ठेवला. टाकीतलंही नळीने काढून दिलं. एकेका कॅनसरशी माळ आवळत गेला, ओढे मिटले, आणि टपरीच्या मागे एक कौलारू घर दिसू लागलं. केतकीच्या बाजूचं क्षितिज तेवढंच मागे हटलं. तिच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढंच ना?" पटवेकरने विचारलं.

"एवढंच."

"तुमचं तुम्हाला माहीत," पटवेकर म्हणाला आणि वडा खायला गेला.

जनार्दनच्या जॅकेटच्या आतल्या खिशात प्लग पुसायची एक इवलीशी बाटली होती. तिच्यात चमचाभर पेट्रोल होतं. टाकीत टाकलं तर ते तळाशीच चिकटून बसलं असतं, इंजिनापर्यंतही गेलं नसतं. पण अगदीच काही नाही असं नको, म्हणून ते त्याने राहू दिलं. एवढंसं कोण धरतंय!

गाडी सोडून जाणं जिवावर आलं, म्हणून तो ती ढकलत निघाला. अक्काचं घर हाकेच्या अंतरावर होतं. तो बराच वेळ ढकलत राहिला, घामाघूम झाला. घर हाकेच्याच अंतरावर होतं. ऊन उतरलं. अक्काने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ताम्हणात निरांजन लावलं आणि दारात येऊन उभी राहिली. हे सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं. तिला तो दिसत नव्हता.

"अक्का!" त्याने हाक मारली.

"जनू? आलास व्हय रं! ये की मग."

"येतोय."

वारा घराकडे वाहत होता. अक्काने नाक उचललं.

"पेट्रोलचा वास येतोय. खिशात काय हाय?"

"काही नाही, अक्का."

"काय नसतं तर पोचला असतास," अक्का म्हणाली. "आन् हे बग, निरांजन पेटवलंय म्या. त्ये घिऊन जवळ येऊ नगंस."

जनार्दनने बाटली काढली. आजवर त्याने एकही नियम मोडला नव्हता. द्यायला जवळपास कुणी नव्हतं, उजेड चालला होता, आणि दारातली बाई डोळे ताणून भलत्याच बाजूला बघत होती. त्याने झाकण उघडलं आणि बाटली घाणेरीच्या झुडपाखाली उपडी केली.

तो अंगणात उभा होता.

अक्काने ताम्हण वर धरलं. ज्योत त्याच्यासमोर नेली, डोळे बारीक केले, पुन्हा मोठे केले.

"आगं बया," ती म्हणाली. "ही तर घागर हाय. माजा भाऊ कुटं हाय?"

जनार्दनने घाईघाईने हेल्मेट काढलं.

अक्काने ज्योत उजवीकडून धरली, डावीकडून धरली. मग हाताने त्याची हनुवटी वर केली आणि बघत राहिली. जनार्दनला रडू फुटलं. ते त्याने आवरलं नाही.

"पिकलास की रं," अक्का म्हणाली.

तिने त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, त्याच्या तोंडात करंजी घातली.

"आता माघारी कसा जाशील?"

जनार्दनने उघड्या दारातून बाहेर पाहिलं. गाडीपलीकडे टपरी होती, टपरीला लागून नाका. पटवेकर घाणेरीच्या झुडपाकडे बघून मान हलवत होता.

"कसा जाणार, अक्का?" तो म्हणाला. "परतीचं पेट्रोलच नाही."

"मग ऱ्हा," अक्का म्हणाली, आणि बसल्या जागेवरून तिने पटवेकरला टपरीवरून पेलाभर जास्तीचं दूध पाठवायला सांगितलं.