जन्माआधीच शहाणा

कुंभवलीच्या कारखान्यात एकच फोन होता, मॅनेजरच्या टेबलावर. पुंडलिकला मशीनवरून बोलावून आणलं, तेव्हा पालघरच्या दवाखान्यातली नर्स ओरडत होती, "जमना तुमची मिसेस ना? मुलगा झालाय. प्रीमॅच्युअर आहे." आणि लाइन तुटली.

जमना माहेरी होती आणि बाळंतपणाला अजून बराच अवकाश होता. पुंडलिक तडक कमलाकांतकडे गेला. कमलाकांत ऑफिसातला क्लार्क. इंग्रजीचं काहीही त्यालाच विचारत आणि 'माहीत नाही' म्हणायची त्याला सवय नव्हती.

"सोपं आहे," कमलाकांत म्हणाला. "प्री म्हणजे आधी. मॅच्युअर म्हणजे समजूतदार. तुझा मुलगा जन्माआधीच समजूतदार आहे!"

"तरीच थांबला नाय!" पुंडलिकचा चेहरा उजळला.

लगेच निघावं असं त्याला वाटत होतं. पण असल्या मुलाचं तोंड पाहायला एकट्यानं, रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यानं खात्यात पेढे वाटले. एडवणला आईला, साखरबाईला, निरोप धाडला. तिनं गल्लीतल्या बायका जमवल्या. रविवारी टेम्पो करून, हार घेऊन, गाणी म्हणत सगळे दवाखान्यात उतरले.

नर्स दारातच आडवी आली. "आवाज बंद! बाळ काचेच्या पेटीत आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलंय. वाचेल याची कालपर्यंत खात्री नव्हती आमची. बाप कोण? होतात कुठे इतके दिवस?"

बायकांचं गाणं घशातच राहिलं. साखरबाईनं हार पदराखाली लपवला.

जमना भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"फोन मिळाला नाय काय?" तिनं विचारलं.

"मिळाला. पण मला वाटला, पोरगा हुशार हाय."

"पाऊल वाजला का वाटायचा, तुमीच आलात," ती म्हणाली.

हे कळल्यावर कमलाकांत दिवसभर जेवला नाही. पुढे कुणी इंग्रजी शब्द विचारला, तर तो खाली मान घालून म्हणे, "दुसऱ्या कुणाला विचार."

पोर हळूहळू बाळसं धरू लागलं. डॉक्टरांनी सोमवारी घरी सोडतो म्हटलं. पुंडलिक रविवारी पहाटेच येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला.

"अहो, सुट्टी उद्या आहे!" नर्स म्हणाली.

"ठाऊक हाय. बसतो हितंच."

आतून जमनाचा आवाज आला, "सिस्टर, येऊ द्या त्यांना आत. गप बसतील."