उर्वशीच्या बोलीत आपला माणूस

दराच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतल्यापासून निवृत्तीपर्यंत मी अंदाजपत्रकेच केली. विटेपासून विहिरीपर्यंत कशाचाही रास्त दर मी चष्मा न लावता सांगू शकतो. त्यामुळे माझी पुतणी उर्वशी संगणकापुढे बसून डोळे पुसताना दिसली, तेव्हा हे प्रकरण माझ्याच अखत्यारीतले आहे, असे मी तत्काळ ठरवले.

त्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि कापूस नाही म्हणून जिनिंगवाल्यांनी उर्वशीची नोकरी खाल्ली. तेव्हापासून ती एका संकेतस्थळावर बांधकामाच्या नकाशांची कामे शोधत होती. तेथे कोणीही काम टाकावे आणि जगभरच्या लोकांनी त्यावर बोली लावावी. पोळ्यापर्यंत एकही काम मिळाले नाही, तर तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधू नानाजी, तिला पुण्याला मावशीकडे पाठवून कुठल्याशा मॉलमध्ये चिकटवणार होते. पोळा दाराशी आला होता.

"झालं काय?" मी विचारले.

"न्यूझीलंडच्या एका माणसाले मेंढ्यांच्या गोठ्याचा नकाशा पायजे, मोठेबाबा. मी पन्नास डॉलर म्हटले, तं कोणी वीस म्हणते, कोणी दहा. आता एक जण पाचावर आला! मी चार टाकू काय?"

"खबरदार! चार डॉलरमध्ये मेंढीसुद्धा त्या गोठ्यात पाय ठेवणार नाही!"

मी तिला शास्त्र समजावून सांगितले. पूर्वी बाजार समितीत आमचा कापूस लिलावाला निघाला, की मी माझा मित्र मोहिउद्दीन याला गर्दीत उभा करीत असे. त्याचे मोटार वाइंडिंगचे दुकान. कापसाशी त्याचा संबंध गादीपुरता! पण तो अशा रुबाबात भाव पुकारी, की खरे व्यापारी बिचकून वर चढत. येथेही आपला एक माणूस बोलीत उभा हवा. फरक इतकाच, की त्याने अवाच्या सवा मागायचे. उंटाशेजारी बैल बुटका दिसतो, तशी उर्वशीची पन्नासची बोली माफक दिसेल!

तो उंट अर्थातच मी झालो. खाते उघडले. छायाचित्र लावले ते निवृत्तीच्या सत्कारातले, भरघोस मिशांचे आणि गळ्यात हार घातलेले.

"हे पाहून लोक काम नाही देणार, श्रद्धांजली देतील!" आमच्या सौभाग्यवती कांताबाई म्हणाल्या.

मी लक्ष दिले नाही आणि पाचशे डॉलरची बोली लावली.

मोहिउद्दीनने मात्र दाढी खाजवली. "पण भाऊ, तुमच्यावरच लिलाव तुटला तं?"

"तांत्रिकदृष्ट्या अशक्य!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काम मला मिळाले.

कॉलिन नावाच्या त्या गृहस्थाने लिहिले होते, 'बाकीच्यांना काम हवे आहे असे वाटले. तुम्हाला काम येते असे वाटले.'

"मोठेबाबा!" उर्वशी किंचाळली. "घरातल्या घरात माह्यं काम पळवलं तुम्ही!"

दुपारी मी पाटावर बसलो, तर पुढे ताटच येईना. "पोरीचं काम खाल्लं, आता जेवाले कायले बसता?" असा स्वयंपाकघरातून सवाल आला.

लावलेली बोली मागे घेणे माझ्या तत्त्वात बसत नव्हते; तेव्हा आता त्या गृहस्थाने आपण होऊन मला नाकारणे आवश्यक होते. मी उद्धटपणाचा पद्धतशीर आराखडा केला. 'दुपारी एक ते चार मी झोपतो,' असे कळवले. उत्तर आले, 'उत्तम! शिस्तीचा माणूस दिसता.' 'सगळे पैसे आधी संकेतस्थळाकडे जमा करा,' असे बजावले. तासाभरात जमा! शेवटी लिहिले, 'प्रत्येक मेंढीची लांबी-रुंदी कळल्याशिवाय मी पेन्सिल उचलणार नाही.' हा घाव वर्मी बसेल, अशी माझी खात्री होती. त्याने सगळ्या मेंढ्या मोजून पाठवल्या. नावांसकट!

"असा काटेकोर अभियंता मला जन्मात भेटला नव्हता," असेही त्याने वर कळवले. मी हताश झालो. माणसाला वाईट वागणूक द्यायची तरी किती?

अखेर व्हिडिओवर मी त्याला सारे खरे सांगितले. मी केवळ उंट आहे, नकाशा काढणारी ही माझी पुतणी आहे, आणि कांताबाईंनी माझे जेवण बंद केले आहे, हे सर्व मी इंग्रजीतून क्रमवार मांडले. उर्वशीने आपला नकाशा दाखवला. त्याने तो उलटसुलट पाहिला, तिला चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "काम हिच्या नावावर करतो. दर तुमचाच. पण प्रत्येक बैठकीला तुम्ही तिच्या शेजारी बसायचे. मिशा पाहिल्या की भरवसा वाटतो!"

गोठा उभा राहिला. उर्वशीच्या नावापुढे पाच तारे लागले. नानाजीने पुण्याचे तिकीट परत केले. आता तिच्याकडे कामे येतात, ती पाचाची बोली लावत नाही आणि लोकही घासाघीस करीत नाहीत. मात्र पहिल्या अभिप्रायात मिशांचा उल्लेख असल्यामुळे सगळ्यांना शेजारी एक वरिष्ठ तपासनीस बसलेला हवा असतो.

"मोठेबाबा, फुकट नोका बसू. तुमचा रास्त दर सांगा," उर्वशी परवा म्हणाली.

मी घसा साफ केला. अनुभव, वय, इस्त्रीचा सदरा, सारे जमेस धरून म्हणालो, "बैठकीला हजार रुपये."

"बेटा, मी पाचशात बसतो!" दारापुढच्या ओट्यावरून मोहिउद्दीन ओरडला. "मले तं दाढीबी आहे!"

"चारशे!" मी ताडकन म्हणालो.

"दोनशे!"

"शंभर!"

"एक कप चहा!"

आतून कांताबाई म्हणाल्या, "तो चहा तरी कायले? मीच बसते. घरच्या कामाचे कोणते पैसे मागितले मी आजपर्यंत?"

वाचकहो, कांताबाईंना मिशा नसल्यामुळे सध्या मीच अर्ध्या कपावर बसतो. साखर माझी.