शालूबाईंची चटणी आणि शेठचा मिक्सर

लग्न आठवड्यावर आलं होतं आणि धाकट्या लेकीच्या, दीपमालेच्या रुखवतातला मिक्सर घ्यायचा राहिला होता. थोरलीला दिलेला मिक्सर सासरी पहिल्याच वाटणाला जळला. दुकानदाराने हात वर केले, आणि विहीणबाई अजून भरल्या पंगतीत त्याची आठवण काढतात. धाकटीला हे बोलणं ऐकू द्यायचं नाही, असं शालूबाईंनी पक्कं ठरवलं होतं. म्हणून कडेगावाहून सांगलीला निघतानाच त्यांनी पिशवीत भाजलेल्या मिरच्या, सुकं खोबरं, लसूण आणि मीठ घेतलं. त्यांचे यजमान हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पण पिशवीत काय आहे हे विचारायचं धाडस त्यांनाही झालं नाही.

दुकानात पृथ्वीराजशेठनी पाच वर्षांच्या वॉरंटीचं कौतुक सांगितलं. खोका मात्र घरी जाऊनच फोडायचा असतो, म्हणाले. शालूबाईंनी पिशवीतल्या मिरच्या काढून काउंटरवर ठेवल्या.

"वॉरंटी काय ईनबाईला वाढू? हितं चटणी वाटून दावा, मग पैसं."

हंबीरराव तडक टीव्हीच्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. या बाईशी आपला काही संबंध नाही, असा चेहरा त्यांना झकास जमला.

गिऱ्हाइकांसमोर नाही म्हणता येईना, म्हणून शेठनी खोका फोडला. पहिला मिक्सर जरा घरघरला, जळका वास आला आणि गप झाला. एखादा निघतो असा, असं म्हणत शेठनी दुसरा काढला. तो जोरात फिरला, पण मध्येच झाकण उडालं आणि वरच्या पंख्याने मिरचीची पूड सगळ्यांना सारखी वाटून दिली. गिऱ्हाइकं खोकत रस्त्यावर आली. आग लागली समजून समोरचा चहावाला पाण्याची बादली घेऊन धावला. आत शालूबाई तेवढ्या नाकाला पदर लावून ठाम उभ्या होत्या. बाई असावी तर अशी! दुसरा मिक्सरही एव्हाना थंड पडला होता.

आता प्रश्न दुकानाच्या अब्रूचा झाला. डोळे पुसत शेठ गर्दीला म्हणाले, "माझ्या घरी ह्याच दुकानातला मिक्सर आहे. कधी कुरकुर नाही."

घर दुकानाच्या वरच होतं. शेठनी फोन केला आणि त्यांच्या पत्नी पूजावहिनी मिक्सर घेऊन खाली आल्या. त्यात चटणी अशी वाटली गेली की बघणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. शेठनी मान ताठ केली.

शालूबाईंनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि हळूच विचारलं, "ताई, ह्यो कुठनं घेतला वो?"

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "मिरजेतनं. दुकानातला कवाच जळला. ह्यांना वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

शेठ मटकन खुर्चीत बसले. ताटातल्या चटणीचं कौतुक करणारा नवरा मिक्सर कशाला निरखून बघतोय! पण माणूस मोठ्या दिलाचा. जरा वेळाने तेच बायकोला म्हणाले, "बाईंना पत्ता नीट सांग. पोरीच्या लग्नाचं काम आहे."

टीव्हीच्या रांगेतून हंबीरराव बाहेर आले. लग्न झाल्यापासून बायकोला 'अगं'शिवाय हाक न मारणाऱ्या सुभेदारांनी तिच्या हातातली पिशवी आपण होऊन घेतली.

"आवं," ते म्हणाले, "मिरच्या उरल्यात न्हवं? मिरजेतबी लागतील."