वायाळ सरांचा त्रिभुज प्रदेश

वायाळ सरांच्या घरी पाहुण्याला पाण्याचे दोन पेले मिळतात. एक प्यायचा आणि एक बघायचा. बघायच्या पेल्यात नाल्याचं गढूळ पाणी असतं. सर ते चमच्यानं ढवळतात, पाहुण्याच्या समोर ठेवतात आणि म्हणतात, "आता हलू नका." मग पाच-सात मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. तळाशी आधी रेती बसते, तिच्यावर माती आणि सगळ्यात शेवटी लोण्यासारखा मऊ काळा गाळ. तो बसला की चहा येतो.

माझे देऊळगाव राजाचे साडू पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ते मे महिन्यातल्या उन्हातून. त्यांनी समोरचा पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला. तो दुसरा पेला होता. सर कळवळून म्हणाले, "अहो, निदान बसू तर द्यायचं होतं!" साडू आजही माझ्याकडे आले की सरांच्या दारावरून मान खाली घालून जातात.

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मी त्याच शाळेत लिपिक आणि त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे त्यांच्या तावडीतून मी शाळेतही सुटलो नाही आणि घरीही नाही. आमचं गाव धाडच्या पुढे आहे. धाडला जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरल्यावर आणखी चार माणसं घेतल्याशिवायही हलत नाही.

शाळेतली पोरं त्यांना "त्रिभुज सर" म्हणायची. नदी समुद्राला मिळते तिथं तिचा वेग कमी होतो, सोबत आणलेला गाळ ती तिथंच टाकते आणि त्याचा त्रिभुज प्रदेश होतो, हा पुस्तकात जेमतेम दीड पानाचा धडा. सर तो महिनाभर शिकवायचे. गंमत म्हणजे सरांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. पण गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे आणि टेकडीवरून येणारा नाला त्याला मिळतो. एका उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा सरांना नाल्याच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला गाळ दिसला. त्यातून नाल्याच्या तीन वाटा फुटलेल्या. सर सायकल टाकून धावत गावात आले आणि पारावर ओरडले, "अरे, आपल्याकडं आहे! आपल्याकडंच आहे!" लोकांना वाटलं बिबट्या आला. निम्म्या गावानं दारं लावून घेतली.

त्या दिवसापासून सरांना जगात दुसरं काही दिसेना. "वेग कमी झाला का ओझं खाली पडते," हे त्यांचं आवडतं वाक्य. आमची मंगल, म्हणजे माझी बायको, बाजारातून आली की उंबऱ्यात पिशवी टाकते, दोन पावलांवर चपला आणि आत माजघरात पदरानं वारा घेत स्वतः बसते. सर भिंतीवरून डोकावून मला म्हणत, "पाह्य बाबू, जड आधी, हलकं मागून. तुमच्या घरात त्रिभुज प्रदेश!" मंगल म्हणायची, "सर, हलकं म्हणजे मी का?" आणि तेवढ्यावर ती महिनाभर खूश असायची.

नाला वाट का बदलतो, हेही ते मला समजावून सांगत. "तो आपल्याच वाटेत गाळ टाकत जाते. टाकून टाकून वाट उंच होते. मंग एक दिवस त्याले तिथून जाताच येत नाही, अन् तो बाजूच्या खोलगटातून निघून जाते. लोक म्हणते नाला फिरला. अरे, त्यानंच आपली वाट बुजवली." हे सांगताना ते एकदम गप्प होत. मला वाटायचं दम लागला असेल.

एकदा गावातली मंडळी बस करून गंगासागरला गेली. सरांच्या बायको, आमच्या काकू, गेल्या, सर नाही गेले. "खरा, मोठा त्रिभुज प्रदेश आहे तिथं," मी म्हणालो. "आपला सोडून कुठं जाऊ?" सर म्हणाले आणि काकूंच्या हाती एक डबा दिला, तिथला गाळ आणायला. काकू देवदर्शनाच्या गर्दीत डबा विसरल्या आणि परतीच्या वाटेवर एका ढाब्यामागची माती भरून आणली. सरांनी ती चिमटीत धरली, चोळली, जिभेला लावली आणि म्हणाले, "ही वर्धेच्या अलीकडची आहे." काकूंनी पुढची चार वर्षं त्यांना कुठलाच डबा भरून दिला नाही.

दर उन्हाळ्यात तलाव आटला की सर एक शंभरपानी वही आणि निळी पेन्सिल घेऊन निघत, आणि त्रिभुज प्रदेश किती पुढे आला ते पावलांनी मोजत. दुसऱ्या बापाला पोराची उंची वाढल्याचा आनंद व्हावा, तसा आनंद त्यांना व्हायचा असं आम्ही धरून चाललो होतो. पण चार उन्हाळ्यांपूर्वी उलटंच झालं. सर मोजणी करून आले ते पेढ्याचा पुडा घेऊन. आमच्याकडे दिले, शाळेत दिले, पारावर दिले. मी विचारलं, "फार वाढला का सर यंदा?" तर चेहरा उजळून म्हणाले, "नाही! वाढलाच नाही म्हटलं तरी चालते!" पुढच्या वर्षी पुन्हा पेढे. त्याच्या पुढच्या दोन्ही वर्षीही. ज्याच्यासाठी जीव टाकला तो वाढेना म्हणून माणूस पेढे वाटतो, याचा अर्थ मंगलनं एका वाक्यात लावला. ती म्हणाली, "वय झालं सरांचं."

आता बापूंबद्दल सांगायला हवं. बापू म्हणजे सरांचा धाकटा सख्खा भाऊ. नाल्याच्या वरच्या अंगाला सगळी मुरमाड टेकडी आहे. तिच्यावर काळ्या मातीचं वावर एकच, ते बापूंचं. अकरा वर्षांपूर्वी बापू त्यात ट्रॅक्टर चालवत होते, उताराच्या दिशेनं उभी नांगरट. सर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडले, "बापू, आडवी नांगर! पावसाचं पाणी नांगराच्या तासातासानं माती घेऊन जाईन!" बापू सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "तू शाळेतला फळा पूस. वावर मी पाह्यतो." सरांना फळ्याचा अपमान सहन झाला नाही. ते म्हणाले, "एक दिवस मुरमावर बसशीन." झालं, त्या दिवसापासून बोलणं बंद. बापूंच्या मुलीच्या लग्नात सर अक्षता टाकून न जेवता परत आले. भाऊबंदकी आम्ही जमिनीवरून, विहिरीवरून पाहिली होती. नांगराच्या दिशेवरून झालेली ही पहिलीच.

यंदाच्या मे महिन्यात गावानं तलावातला गाळ काढायचं ठरवलं. धाडहून रफिकभाईंचं जेसीबी आलं, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या. गाळ काढला की तलावात पाणी जास्त राहणार आणि काढलेला गाळ शेतकरी आपापल्या वावरात टाकणार. कोणाचंच नुकसान नाही. पण सकाळी मशीन सुरू करायला गेले तर नाल्याच्या तोंडाशी वायाळ सर प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री उघडून बसलेले. "बाकी सगळीकडं काढा. इथला नाही."

दोन दिवस ते हलले नाहीत. काकू डबा घेऊन यायच्या. रफिकभाई हात जोडून म्हणाले, "सर, मी तुमच्या हातचा मार खाल्लेला माणूस हाव. पण मशीन उभी राहून कसं चालंन?" गाव चिडलं. चांगला गाळ नेमका तिथंच होता आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. तिसऱ्या दिवशी सरपंचांनी मला पुढे केलं. "तुमचे शेजारी हायेत. तुम्हीच समजावा. नाही तर आम्ही खुर्चीसकट उचलतो."

मी गेलो तो भांडायच्या तयारीनं. "सर, गावापेक्षा तुम्हाला तुमचा त्रिभुज प्रदेश मोठा झाला का?"

सरांनी ती शंभरपानी वही माझ्या हातात दिली. प्रत्येक पानावर एका उन्हाळ्याचा नकाशा. निळ्या रेघांनी नाल्याच्या वाटा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पण पानाच्या माथ्यावर तलावाचं नाव नव्हतं. गेल्या अकरा वर्षांच्या प्रत्येक पानावर एकच मथळा होता: "बापूचं वावर." खाली एक ओळ. "यंदा सात पावलं आलं." "यंदा नऊ पावलं आलं." शेवटच्या पानांवर एक पाऊल, अर्धं पाऊल, आणि यंदाच्या पानावर "जिथल्या तिथं."

"हा गाळ तलावाचा नाही, बाबू," सर म्हणाले. "काळं वावर वरतं एकच आहे. हे त्याचं आहे. अमानत आहे माझ्याजवळ. पह्यल्या ट्रॉल्या त्याच्या वावरात जाऊ दे, मंग गावानं पाह्यजे तेवढा न्यावा. मी खुर्ची उचलतो."

मला आधी हसू आलं आणि मग स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि या माणसाला मी येडा समजत होतो.

मी मोटरसायकल काढून बापूंकडे गेलो. त्यांच्या वावरात खरंच ठिकठिकाणी मुरूम उघडा पडला होता. मी सगळं सांगितलं. बापूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले नको त्याचा गाळ." मी परत आलो आणि सरांना तसंच सांगितलं. त्यांनी फक्त छत्री दुसऱ्या हातात घेतली. गावानं उद्या सकाळपर्यंतची मुदत दिली होती आणि मला त्या सकाळची भीती वाटत होती.

सकाळी मी तलावावर पोचलो तेव्हा माणसं जमली होती. सरपंच खुर्चीकडे निघालेच होते, तेवढ्यात नाल्याच्या काठाकाठानं बापू चालत आले. कोणाकडे न पाहता ते सरांच्या खुर्चीजवळ उकिडवे बसले, मूठभर काळा गाळ उचलला आणि चोळत राहिले.

"माह्याच वावरातला हाय," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"हाव," सर म्हणाले.

"आता आडवीच नांगरतो मी." बापूंचा आवाज इतका बारीक झाला की आम्ही सगळे पुढे झुकलो. "कोणी विचारलं का ट्रॅक्टरवाल्यानं चुकून केली म्हणतो."

"माहीत आहे मले. चार वर्षं झाली."

बापूंनी मान वर केली. "तुले कोणं सांगतलं?"

"यानं." सरांनी चपलेच्या टोकानं गाळाला स्पर्श केला. "चार वर्षांपासून येणं बंद होऊन राह्यलं."

"पाऊस कमी असंन."

"दुसऱ्या साली नाल्यावरचा पूल बुडला होता बापू, तरी गाळ आला नाही. तवाच मले पक्कं समजलं का तू आडवी धरली. चारही साल पेढे वाटले म्या गावात."

बापू भावाला म्हणाले, "मले तर नाही भेटला."

सरांनी छत्री मिटली, उठले आणि खुर्ची रफिकभाईंच्या हातात दिली. "इथं तोंडाशी खोदू नको, इथं काळं वरतंच आहे, खाली नुसती रेती. तिकडं, वीस पावलं पुढं, खोल काळं तिथं आहे." मशीन सुरू झालं. सरपंचांनी टोपी काढून घाम पुसला आणि उगाचच सगळ्यांना "चला, चला" म्हणाले.

"बाबू," सर मला म्हणाले, "धाडला जाऊन ये."

काय आणायचं ते विचारायची गरज नव्हती. मी परत आलो तेव्हा पहिली ट्रॉली टेकडी चढून गेली होती आणि दोघं भाऊ बाभळीखाली बसले होते. मी पुडा सोडला. बापूंनी एक पेढा खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा घेतला तेव्हा मी म्हणालो, "बापू, सावकाश."

"एकेका सालचा एक हाय," बापू म्हणाले आणि चौथा उचलला.

सरांनी एकही खाल्ला नाही. ते भावाकडे बघत होते, आणि त्यांनी मलाही हातानं खूण केली, हलू नको म्हणून.