गुंजाळकाकांचा फिल्टर

आमच्या घरी आल्यावर शेजारचे गुंजाळकाका पाण्याचा पेला हातात घेण्याआधी बाथरूममध्ये जातात आणि आमच्या वॉशिंग मशीनचा वास घेतात. दार उघडून, डोकं आत घालून, डोळे मिटून. मग बाहेर येऊन माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला सांगतात, "सूनबाई, कुबट हाय."

मशीन मी घेतलेलं, पण निकाल सुनीताला. तीही मान डोलावून "हो ना काका" म्हणते. भिंगारमधल्या आमच्या गल्लीत माझ्याच घरात येऊन मला नापास करणारा हा एकच माणूस आहे.

काका मूळचे पारनेरकडचे. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर राखायला दुसरं काही उरलं नाही म्हणून ते मशीन राखतात, असं माझं मत. रविवारी सकाळी दाराच्या रबराची घडी बोटाने उलटवून जुन्या टूथब्रशने घासतात. साबणाचा कप्पा काढून उन्हात ठेवतात. बोअरच्या पाण्याचा क्षार चढू नये म्हणून लिंबूसत्त्व टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवतात. आणि धुणं झालं की दार सताड उघडं. "दिवसभर मुसकं बांधल्यावर जनावर तरी दूध देईल व्हय? मशीनचं बी तसंच हाय."

त्यांचं मशीन आमच्याहून जुनं, पण दुकानातून आत्ताच आणल्यासारखं दिसतं. त्यांच्या दोरीवरच्या बनियनशेजारी माझा बनियन वाळत घालायची मला लाज वाटते. सुनीता खिडकीतून तो बनियन बघते, मग मला बघते. "काकांकडून शिका जरा," म्हणते. माझा नुसता जळफळाट होतो. एकट्या माणसाचं धुणं ते केवढं! काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी कोल्हारला सासरी. दोन लेंगे, दोन सदरे. आमच्याकडे दोन पोरी, रोज अर्धं मैदान युनिफॉर्मवर घेऊन येणाऱ्या. पण हे सुनीताला कोण सांगणार?

त्यात घटस्थापना आली. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही आमच्याकडची रीत. गल्लीतले लोक गोधड्या टेम्पोत घालून नदीवर नेतात. काका दारातूनच बजावून गेले, "गोधडी मशीनमधी घालू नका. म्या बी घालत न्हाई."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. काकांच्या मशीनला जमत नाही ते आमच्या मशीनने करून दाखवायचं, असं मी मनाशी ठरवलं. सुनीता बाजारात गेल्यावर आईने शिवलेली जाडजूड गोधडी मी गुडघा लावून आत कोंबली.

मशीनने थोडा वेळ ती फिरवली. मग ते जागचं हललं आणि धडधडत बाथरूमच्या दारापर्यंत आलं. तिथे बंद पडलं. पाणी जाईना, दार उघडेना. सुनीता आली, काचेतून गोधडी पाहिली आणि भिंतीवरून काकांना हाक मारली. नवरा समोर उभा असताना बायको दुसऱ्याला हाक मारते तेव्हा कसं वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

काका परात घेऊन आले. वास घेतला नाही. मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून बारक्या नळीने पाणी काढलं, मग फिल्टर फिरवून बाहेर ओढला. आमच्या मशीनला असा काही फिल्टर आहे, हे मला तेव्हा कळलं. आधी गोधडीच्या दोऱ्यांचा भलामोठा बोळा निघाला. त्याच्यामागून बाकीचं सगळं. हेअरपिना, युनिफॉर्मची बटणं, पेन्सिलीचं थोटूक, चॉकलेटचे कागद, एक घुंगरू. काका एकेक वस्तू वर्तमानपत्रावर मांडत गेले. आता व्याख्यान ऐकावं लागणार म्हणून मी अंग चोरून उभा होतो.

काकांनी घुंगरू उचललं. सदऱ्याला पुसून तळहातावर घेतलं. "हे कुनाचं?"

"धाकटीचं," सुनीता म्हणाली. "गणपतीत नाचताना तुटलं होतं."

"लई हाय तुमच्याकडं," काका म्हणाले. "म्या दर रविवारी फिल्टर उघडतो. काय निघत न्हाई. नुसतं पानी. तुमची काकू हुती तवा तिच्या पिना घावायच्या. लई चिडायचो तिच्यावर."

मत्सर मला चांगला ओळखता येतो. इतकी वर्षं मी तोच तर करत होतो. आमच्या त्या घाणीकडे बघताना काकांच्या डोळ्यांत तो स्वच्छ दिसला, आणि मला एकदम फार वाईट वाटलं.

गोधडी निघाली, पण मशीनचा पंप जळाला होता. मेकॅनिक म्हणाला, घट बसल्यावर बघू. काका उंबऱ्यात घुटमळले. "तवर धुनं माझ्याकडं द्या," म्हणाले. सख्ख्या मुलीलासुद्धा ते त्या मशीनचं बटण दाबू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुनीता गाठोडं बांधायला बसली. आता अब्रूचा प्रश्न म्हणून पोरींचे खिसे उलटे करून तपासू लागली. मी म्हणालो, "राहू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातला युनिफॉर्म तसाच गाठोड्यात टाकला.

दुपारी भिंतीपलीकडून आरडाओरडा सुरू झाला. "आवं सूनबाई! पोरी हायत का कोन हायत! खिशात चिंचोके! समदा फिल्टर भरला माझा!" अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं.

"चिडलेत वाटतं," सुनीता घाबरून म्हणाली.

"चिडू दे," मी म्हणालो. "तिकडे कुणी जाऊ नका."